पाच हजार अर्जांचं उत्तर

हैतीच्या मध्यभागी मिरबाले नावाचं गाव आहे. त्याच्या दक्षिणेला मेय ही छोटी वस्ती आणि तिच्या अंगाने वाहणारा ओढा. बायका त्यात कपडे धुतात, पोरं डुंबतात, गुरं पाण्यावर येतात आणि पिण्यासाठी भरलेल्या बादल्या डोक्यावरून घरी जातात. आपल्याकडच्या कितीतरी ओढ्यांसारखाच हा ओढा. पुढे तो आर्तिबोनितला मिळतो. आर्तिबोनित ही हैतीची सर्वांत लांब नदी, आणि तिचं खोरं म्हणजे देशाचं भाताचं कोठार.

ऑक्टोबर २०१० मध्ये या ओढ्याकाठी संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसैनिकांचा तळ होता. त्याच महिन्यात नेपाळहून नवी तुकडी तिथे आली. तळावरच्या संडासांचे पाइप फुटके होते आणि मैला टाकण्याचे खड्डे उघडे होते. महिनाअखेरीस असोसिएटेड प्रेसचे वार्ताहर जोनाथन कॅट्झ तिथे पोचले, तेव्हा नाक फाटेल अशी घाण सुटली होती आणि काळं पाणी ओढ्याच्या दिशेने झिरपत होतं. तोवर खाली आर्तिबोनितच्या काठी माणसं मरायला लागली होती. सकाळी जुलाब सुरू झालेला धडधाकट माणूस संध्याकाळपर्यंत जात होता. निदान झालं, कॉलरा.

माझी आजी या रोगाला पटकी म्हणायची. तो शब्द उच्चारताना तिचा आवाज आपोआप खाली यायचा. एका रात्रीत घरं कशी ओस पडायची, हे तिने तिच्या आईकडून ऐकलं होतं. हैतीतल्या आज्यांकडे मात्र अशी आठवणही नव्हती, कारण त्या देशात निदान शंभर वर्षं कॉलऱ्याची नोंद नव्हती. जानेवारीतल्या भूकंपाने आधीच दोन लाखांहून अधिक माणसं नेली होती, आणि त्याच वर्षी हा रोग आला. पुढच्या आठ-नऊ वर्षांत आठ लाखांवर लोक आजारी पडले आणि जवळपास दहा हजार मेले. हा अधिकृत आकडा. दवाखान्यापर्यंत न पोचता डोंगरातल्या झोपड्यांत मेलेल्यांची गणती त्यात कशी असणार?

ज्या फौजेच्या तळातून हा रोग ओढ्यात उतरला, ती हैतीवर चाल करून आलेली नव्हती. लोकांच्या जिवाचं आणि हक्कांचं रक्षण करणं हेच तिचं काम होतं. एखाद्या मोडकळीला आलेल्या देशात बाहेरच्यांनी शिरून तिथल्या माणसांच्या हक्कांचं रक्षण करता येतं का, हा प्रश्न निघाला की मला मेयचा ओढा आठवतो. माझं उत्तर ‘कधीच नाही’ असं नाही. बाहेरचा माणूस मारेकऱ्याचा हात धरू शकतो. पण हक्क राखायचा म्हणजे नुसता हात धरून भागत नाही. हक्क म्हणजे ज्याच्यासाठी दाद मागता येते ती गोष्ट. रक्षणाला आलेल्या माणसाविरुद्ध दाद मागायला जागाच नसेल, तर तो जीव वाचवील, पण हक्क राखणार नाही.

हात धरायचं सामर्थ्य असताना न धरणं हेही पाप आहे, हे आधी सांगायला हवं, कारण ‘त्यांचं ते बघून घेतील’ म्हणणाऱ्यांच्या बाजूला मला जायचं नाही. एप्रिल १९९४ मध्ये रवांडात तुत्सींची कत्तल सुरू असताना सुरक्षा परिषदेने तिथली अडीच हजारांची फौज २७० वर आणायचं ठरवलं. त्याआधीच किगालीतल्या एका तांत्रिक शाळेत सुमारे दोन हजार तुत्सी बेल्जियन सैनिकांच्या आसऱ्याला बसले होते. ११ एप्रिलला सैनिक गाड्यांत बसून निघून गेले. फाटकाबाहेर मारेकरी वाट पाहत उभेच होते. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. त्या शाळेतल्या माणसांपुढे सार्वभौमत्वाची चर्चा करायची माझी तरी छाती नाही.

आपलाही दाखला आहे. डिसेंबर १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत १०४ देशांनी युद्ध थांबवा आणि फौजा मागे घ्या म्हणून मत दिलं, विरोधात फक्त ११. पूर्व पाकिस्तानातून एक कोटीच्या आसपास निर्वासित तेव्हा भारतात आलेले होते. भारताने मतदानापुढे मान तुकवली नाही, आणि ढाक्यातली कत्तल थांबली. भारताचा स्वतःचा स्वार्थ त्यात नव्हता असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर जे झालं त्याकडे आपण फारसं लक्ष देत नाही. जानेवारी १९७२ मध्ये शेख मुजीब सुटून ढाक्याला परतले आणि फौज कधी जाणार, हे त्यांनी इंदिरा गांधींना विचारलं. मार्चमध्ये भारतीय सैन्य बांगलादेशातून बाहेर पडलं होतं. ‘आता जा’ म्हणणारा तिथे कुणी होता, आणि त्याचं ऐकलं गेलं.

हैतीत असं म्हणणाऱ्याचं ऐकलं गेल्याचे प्रसंग फार थोडे. आर्तिबोनितच्याच खोऱ्यात उभं राहून मागे पाहिलं तरी ते दिसतं. गुलामांनी फ्रेंच मालकांना हाकलून १८०४ मध्ये हा देश उभा केला. १८२५ मध्ये फ्रान्सच्या राजाने युद्धनौका पाठवून त्याच्याकडून १५ कोटी फ्रँकची भरपाई लिहून घेतली. मालकांची मालमत्ता बुडाली त्याची ही भरपाई, आणि त्या मालमत्तेत हैतीच्या लोकांची स्वतःची शरीरंही धरलेली होती! रक्कम पुढे ९ कोटींवर आली, पण ती फेडायला काढलेल्या कर्जांचा फेरा १९४७ पर्यंत संपला नाही.

१९१५ मध्ये राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये जमावाने राष्ट्राध्यक्षाला ठार केलं, आणि सुव्यवस्थेसाठी म्हणून अमेरिकेचे मरीन उतरले. ते एकोणीस वर्षं राहिले. त्यांनी रस्ते बांधले हे खरं, पण कसे? जुना वेठबिगारीचा कायदा धूळ झटकून काढला आणि शेतकऱ्यांना दोराने बांधून कामावर नेलं. आर्तिबोनितच्या वरच्या अंगाला एंश नावाचं गाव आहे. तिथला शार्लमान पेराल्त या वेठीविरुद्ध उठला. १९१९ मध्ये त्याला दग्याने मारलं, त्याचं प्रेत एका दाराला बांधून उभं केलं आणि लोकांना जरब बसावी म्हणून फोटो काढून वाटला. कमरेला फडकं, मागे झेंडा, मान एका बाजूला कललेली. शेतकऱ्यांनी तो फोटो पाहिला आणि त्यांना त्यात क्रूसावरचा येशू दिसला. आजही हैतीत पेराल्तचं नाव आदराने घेतात.

मग १९५६ मध्ये त्याच नदीवर पेलिग्रचं धरण झालं. अमेरिकेचं कर्ज, अमेरिकेचे अभियंते. पाण्याखाली गेलेल्या जमिनींचे मालक वरच्या उघड्या डोंगरांवर चढले आणि वीज राजधानीकडे गेली. कोयनेच्या खोऱ्यातल्या माणसाला यापुढचं सांगायला नको.

१९९४ चा प्रसंग मात्र वेगळा होता, आणि तो नीट सांगितला पाहिजे. लोकांनी भरभरून मतं देऊन निवडलेल्या राष्ट्राध्यक्ष आरिस्तीद यांना लष्कराने १९९१ मध्ये उलथवलं. तीन वर्षांत हजारो माणसं मारली गेली, बोटीत बसून पळणाऱ्यांना अमेरिकेने समुद्रातच अडवलं. अखेर सुरक्षा परिषदेच्या परवानगीने वीस हजार अमेरिकी सैनिक उतरले. जवळपास गोळीही न झाडता लष्करशहा देश सोडून गेले आणि ऑक्टोबरमध्ये आरिस्तीद परतले. रस्त्यांवर लोक नाचले. तो आनंद खरा होता, आणि हस्तक्षेपाने जीव वाचतात याचा पुरावाही. पण परतीच्या वाटेवर आर्थिक अटी होत्या. १९९५ मध्ये तांदळावरचं आयात शुल्क ३ टक्क्यांवर आलं आणि अमेरिकेतला अनुदानावर पिकलेला स्वस्त तांदूळ बंदरात येऊन पडला. आर्तिबोनितच्या भात उत्पादकाला त्या भावात विकणं परवडेना. शेत सोडून तो राजधानीच्या झोपडपट्टीत गेला. ज्या बिल क्लिंटन यांनी फौज पाठवली होती, त्यांनीच मार्च २०१० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे ही चूक होती आणि तिची जबाबदारी आपली आहे, असं कबूल केलं. कबुली प्रामाणिक असेल. पण आर्तिबोनितच्या शेतकऱ्याला तो शुल्काचा निर्णय कुणी विचारून घेतला नव्हता, आणि पंधरा वर्षांनी कबुली ऐकायलाही कुणी बोलावलं नाही.

२००४ मध्ये आरिस्तीद पुन्हा सत्तेवरून गेले आणि संयुक्त राष्ट्रसंघाची फौज आली. मिनुस्ता हे तिच्या फ्रेंच नावाचं आद्याक्षरी रूप. तिने काहीच केलं नाही असं नाही. राजधानीतल्या सिते सोलेई वस्तीतल्या टोळ्यांना २००७ च्या सुमारास तिने वेसण घातली, निवडणुका पार पाडल्या. भूकंपात संयुक्त राष्ट्रसंघाची १०२ माणसं मेली, त्यात मोहिमेचे प्रमुख हेदी अनाबीही होते. त्या माणसांविषयी मला आदर आहे. पण याच फौजेतल्या श्रीलंकेच्या तुकडीतले शंभराहून अधिक सैनिक २००७ मध्ये लैंगिक शोषणाच्या आरोपांवरून परत पाठवावे लागले. पीडितांत लहान मुलं होती. त्या सैनिकांपैकी कुणी तुरुंगात गेल्याचं असोसिएटेड प्रेसच्या २०१७ च्या तपासात आढळलं नाही. शांतिसैनिकावर खटला चालवायचा तर तो त्याच्याच देशाने, हा नियम आहे. सैनिक विमानात बसला की साक्षीदार मुलगी एका खंडात आणि आरोपी दुसऱ्या. सैनिकांपासून झालेल्या आणि मागे टाकलेल्या मुलांना हैतीत ‘पितित मिनुस्ता’, मिनुस्ताची पोरं म्हणतात. कुंपणच शेत खातं असं आपण म्हणतो. इथे तर कुंपणाला जाब विचारायची सोयच शेताला नव्हती.

अशी सोय कागदावर होती, आणि मला सर्वांत जास्त चीड येते ती याच गोष्टीची. २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघ आणि हैती सरकार यांच्यात करार झाला. फौजेला हैतीच्या न्यायालयांपासून संरक्षण मिळालं. त्याच्या बदल्यात लोकांच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांसाठी तीन सदस्यांचा स्थायी आयोग नेमायचं कलम होतं. एक सदस्य संयुक्त राष्ट्रसंघाचा, एक हैतीचा, अध्यक्ष दोघांच्या संमतीने. तेरा वर्षं फौज राहिली, आयोग कधी नेमला गेला नाही. असं कलम जगभरच्या मोहिमांच्या करारांत असतं, आणि एकाही मोहिमेत हा आयोग आजवर उभा राहिलेला नाही.

तरीही लोकांनी वाट सोडली नाही. पोर्ट-ओ-प्रिन्समधले वकील मारियो जोझेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर २०११ मध्ये कॉलऱ्याच्या पाच हजार पीडितांचे दावे संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाखल केले. मागण्या साध्या होत्या. स्वच्छ पाण्याची आणि मैला वाहून नेण्याची व्यवस्था, भरपाई, जाहीर माफी. उत्तर यायला पंधरा महिने लागले. फेब्रुवारी २०१३ मध्ये कळवण्यात आलं की हे दावे स्वीकारण्याजोगे नाहीत, कारण त्यांचा विचार करायचा तर राजकीय आणि धोरणात्मक बाबींचा आढावा घ्यावा लागेल.

आपल्याकडे तहसील कचेरीच्या खिडकीवरून ‘इथे होणार नाही’ ऐकून परत फिरलेल्या माणसाला हे उत्तर ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की त्या माणसाला पुढे प्रांत आहे, कलेक्टर आहे, हायकोर्ट आहे. या पाच हजारांना पुढे काही नव्हतं. फुटका पाइप हा धोरणाचा प्रश्न कसा झाला, हे विचारायला ते न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेले. १९४६ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार संयुक्त राष्ट्रसंघावर खटला चालत नाही, असं २०१५ मध्ये खालच्या आणि २०१६ मध्ये वरच्या न्यायालयाने सांगितलं. मानवी हक्कांचा जाहीरनामा काढणाऱ्या संस्थेने कुठल्याही न्यायपीठापुढे उभं राहायला नकार दिला. संस्थेचेच विशेष प्रतिवेदक फिलिप ऑल्स्टन यांनी कडक शब्दांत अहवाल दिल्यावर डिसेंबर २०१६ मध्ये सरचिटणीस बान की-मून यांनी माफी मागितली. सोबत ४० कोटी डॉलरची योजना होती. सदस्य देशांनी ऐच्छिक वर्गणी द्यायची होती. ती रक्कम कधीच जमली नाही.

आपण भारतीयांनी हे दुसऱ्याचं म्हणून वाचू नये. शांतिसेना म्हणून आपली फौज १९८७ मध्ये श्रीलंकेत उतरली. सुमारे बाराशे जवान तिथे मेले, त्यांच्या घरचं दुःख आजही ताजं आहे. पण त्या वर्षीच्या दिवाळीत जाफन्याच्या रुग्णालयात काय झालं, ते किती भारतीयांना माहीत आहे? भारतीय जवान आत शिरले आणि रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मिळून साठेक माणसं मेली, असं तिथून वाचलेले लोक सांगत आले आहेत. दोन्ही बाजूंच्या गोळीबारात ती सापडली, हे भारताचं म्हणणं. कुणाचं खरं, हे ठरवायला जाफन्याच्या माणसाला जाता येईल असं न्यायपीठ ना कोलंबोत मिळालं, ना दिल्लीत. आपल्या फौजेवर माझा राग नाही. पण हैतीतल्या अर्जांची बाजू घ्यायची आणि जाफन्याची गोष्ट आली की गप्प बसायचं, हे मला जमणार नाही.

आज हैतीची स्थिती २०१० पेक्षाही बिकट आहे. जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोईज यांची त्यांच्याच घरात हत्या झाली. राजधानीचा बहुतेक भाग टोळ्यांच्या ताब्यात आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मोजणीनुसार २०२४ या एका वर्षात ५,६०० हून अधिक माणसं मारली गेली, आणि २०२५ च्या मध्यापर्यंत १३ लाख माणसं घरदार सोडून विस्थापित झाली. म्हणजे दहांत एकाहून जास्त. ऑक्टोबर २०२४ मध्ये आर्तिबोनितवरच्या पाँ-सोंदे गावात टोळीने पहाटे घराघरात शिरून शंभरावर माणसं मारली. तांदूळ गेला, पाणी नासलं आणि आता हे. मिरबालेत २०१३ मध्ये तीनशे खाटांचं एक रुग्णालय उभं राहिलं होतं. बाहेरून आलेले डॉक्टर पॉल फार्मर आणि त्यांचे हैतीतले साथी यांनी आधी पेलिग्रच्या धरणग्रस्तांमध्ये तीसेक वर्षं दवाखाना चालवला, त्यातून ते वाढलं. डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार, जवळपास सगळे हैतीचेच. बाहेरच्यांच्या मदतीने हक्क कसा रुजतो हे मला कुणी विचारलं तर मी त्या रुग्णालयाकडे बोट दाखवत असे. मार्च २०२५ च्या अखेरीस टोळ्या मिरबालेत शिरल्या, तुरुंग फोडला, आणि काही आठवड्यांतच रुग्णालय बंद करावं लागलं.

म्हणून बंदूकधारी मदत नकोच, असं पाँ-सोंदेच्या माणसाला इथे बसून सांगणं मला शक्य नाही. जून २०२४ मध्ये केनियाचे पोलीस उतरले. अडीच हजारांची योजना होती, प्रत्यक्षात हजाराच्या आसपास आले. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस सुरक्षा परिषदेने त्यांच्या जागी टोळ्यांच्या बंदोबस्तासाठी ५,५५० जणांच्या नव्या दलाला मंजुरी दिली, आणि त्याच्या मदतीला संयुक्त राष्ट्रसंघाचं कार्यालयही मंजूर केलं. येऊ दे हे दल. पण हैतीत बंदुका बनत नाहीत. टोळ्यांच्या हातातली शस्त्रं बहुतांशी अमेरिकेतून, विशेषतः फ्लोरिडातून येतात. मायामीत माल भरणाऱ्या छोट्या जहाजांत तांदळाच्या पोत्यांच्या आणि जुन्या कपड्यांच्या आडून ती जातात. हैतीच्या माणसाच्या हक्काची राखण पहिल्यांदा मायामीच्या धक्क्यावर होऊ शकते. त्यासाठी कुठल्या देशात शिरावं लागत नाही, एक कस्टम्स अधिकारी आणि एक्स-रे यंत्र लागतं.

केनियाच्या पोलिसांना परवानगी देणाऱ्या ऑक्टोबर २०२३ च्या ठरावात एक कलम वाचून मी थबकलो. पाण्यातून रोग पसरू नयेत म्हणून दलाने सांडपाण्याची योग्य व्यवस्था करावी, असं त्यात लिहिलं आहे. सशस्त्र पोलीस पाठवण्याच्या ठरावात संडासाच्या पाण्याचा उल्लेख! तो मेयच्या ओढ्याने आणि त्या पाच हजार अर्जांनी तिथे आणून ठेवला आहे. न्यायालयात हरलेल्या लोकांनी कागदावर एवढं मिळवलं, याचं मला मोल वाटतं. पण पाइप फुटला तर मेयच्या बाईने कुठे जायचं? तक्रारींची यंत्रणा दलाने स्वतः उभी करावी असं ठराव सांगतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच दारात अर्ज.

तीन सदस्यांचा आयोग नेमायला फौज लागत नाही. न्यायाधीशाचा अनुभव असलेली तीन माणसं, क्रिओल बोलणारा कर्मचारीवर्ग आणि मिरबालेसारख्या गावांत ठरल्या दिवशी बसणारं कार्यालय एवढं पुरे. नव्या दलासोबतच तो नेमला गेला पाहिजे, आणि भारतानेही संयुक्त राष्ट्रसंघात ही मागणी जोर लावून केली पाहिजे. शांतिसैनिक पाठवणाऱ्या देशांत आपण कायम पुढे असतो, म्हणून आपल्या शब्दाला तिथे वजन आहे. आणि आयोग बसला की पहिल्या दिवशी त्याच्या टेबलावर नोव्हेंबर २०११ चे ते पाच हजार दावे ठेवावेत. त्यांची सुनावणी अजून झालेली नाही.